तीनवरच थांबलेली यादी

माझ्याकडे पानं लवकर उघडतात, अशी बेंगळूरच्या जयनगरात ख्याती होती. नव्वदचं दशक संपत आलं होतं. शॉपिंग कॉम्प्लेक्सच्या मागच्या गल्लीत माझं दोन कॉम्प्युटरचं ब्राउझिंग सेंटर, आणि दोन्हीला मिळून एकच टेलिफोन लाइन. इतरांकडे एक पान यायला माणूस कॉफी पिऊन परत येई. माझ्याकडे टिचकी वाजवावी तसं पान समोर.

त्यात हुशारी काहीच नव्हती. एकदा बघितलेलं पान ब्राउझर मशीनमध्येच साठवून ठेवतो. त्या साठ्याला कॅशे म्हणतात. तेच पान पुन्हा मागितलं की तो बाहेर न जाता साठ्यातलं काढून देतो. बाहेर काही बदललंय का हे त्यानं कधी तपासायचं, ते ठरवायची एक जागा असते. तिथं मी ‘कधीच नाही’ असं करून ठेवलं होतं. सुरुवातीला रोज सेंटर बंद करताना साठा पुसत असे. मग सकाळची गिऱ्हाइकं कुरकुरायला लागली तसं तेही सोडलं. वर मॉनिटरच्या डोक्यावर कन्नड आणि इंग्रजीत चिठ्ठी: रिलोड दाबू नये.

मेल दर वेळी नवीनच येई, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. एक रिटायर्ड कानडी गृहस्थ मात्र एकदा म्हणाले, “काय री, तुमच्याकडे मॅच पण निवांत चाललीय. कालपासून एक विकेट पडली नाही.” मी हसलो. तेही हसले. तेव्हाच कळायला हवं होतं.

माझी धाकटी बहीण तेव्हा बी.एस्सी. झालेली. पुण्याच्या एका संस्थेत संख्याशास्त्राच्या एम.एस्सी.ला तिनं अर्ज केला होता आणि वेटिंग लिस्टमध्ये तिचा नंबर सहावा लागला होता. यादी कितीपर्यंत सरकली ते वेबसाइटवरच कळणार, वेगळं पत्र येणार नाही, नंबर आला की दिलेल्या दिवसाच्या आत फोन करून होकार कळवायचा, अशी पद्धत. वडिलांनी बजावलं होतं, “यंदा झालं तर जा. नाही तर बँकेची परीक्षा आणि मुलं बघायला सुरुवात.” आमची कितवी तरी पिढी बेंगळुरात, पण घरातली मुलगी शिकायला गावाबाहेर गेली नव्हती. हे एकच दार होतं. तिला ते माहीत होतं, मलाही.

ती रोज संध्याकाळी सेंटरवर यायची. पाठीशी उभी राहून म्हणायची, “अण्णा, स्वल्प बघ की.”

मी पत्ता टाइप करायचो. पान झटकन यायचं. तीनपर्यंत.

“हललं नाही?”

“अगं, लोक जागा सोडतील तेव्हा हलेल. बघ, किती लवकर उघडलं.”

हे मी खरंच म्हणालो होतो. मला मिरवायचं होतं.

अकरा-बारा दिवस हेच चाललं. एका मंगळवारी दुपारी मशीन अडकायला लागलं, डिस्क भरली होती. मी सगळा साठा पुसला. गिऱ्हाईक कुणी नव्हतं. सहज तिचं पान उघडलं, आणि ते हळूहळू, एकेक ओळ करत उतरायला लागलं. म्हणजे हे बाहेरून येत होतं, आणि रोज दिसायचं ते जुनं होतं. यादी सहापर्यंत आली होती. होकाराची मुदत सोमवारी संध्याकाळी पाचपर्यंत. म्हणजे काल.

फोन हाताशी होता. इंटरनेट तोडून तिथूनच पुण्याला लावता आला असता. मी लावला नाही. पान बंद केलं.

संध्याकाळी ती आली. मी म्हणालो, “लाइन डाउन आहे. दुपारी बघितलं मी, तीनवरच आहे.”

“सरी, ठीक आहे,” म्हणाली आणि घरी गेली.

बुधवारीही तेच सांगितलं. गुरुवारी मात्र राहवेना. सेंटरला कुलूप लावून दोन गल्ल्या पलीकडच्या एसटीडी बूथवर गेलो. संस्थेतल्या क्लार्कबाईंनी कागद चाळले. “अहो, एक दिवस थांबलो होतो आम्ही. सर म्हणाले, बेंगळूरची मुलगी आहे, उशीर होत असेल. मंगळवारी जरी फोन केला असतात तरी चाललं असतं. काल दुपारी सातव्या नंबरला दिली जागा.”

घरी येऊन मी सांगितलं, यादी बंद झाली. वडील म्हणाले, “असो.” बहीण भांडी घासत होती, घासतच राहिली. पुढं ती बँकेत लागली, लग्न झालं, वर्षानुवर्षं इंदिरानगरच्या शाखेत आहे. तिचं वाईट झालं असं कुणी म्हणणार नाही. मीही तेवढ्याच आधारावर इतकी वर्षं काढली. तिच्याकडे जेवायला जायचो, आणि पुण्याचा विषय निघाला की हात धुवायला उठायचो.

मागच्या महिन्यात मी तिला सगळं सांगितलं. कशामुळं, ते नीट सांगता येत नाही. थकलो होतो, एवढंच. साठ्याचं, सेटिंगचं, चिठ्ठीचं, सगळं. तिनं मध्येच थांबवलं.

“अण्णा, मशीनचं जाऊ दे. तुलाही माहीत नव्हतं. मंगळवारी कळलं म्हणतोस ना?”

“हो.”

“मग गुरुवारपर्यंत काय करत होतास?”

घाबरलो होतो, असं सांगायचं मी बसमध्येच ठरवून आलो होतो. ते अर्धंच खरं. तिच्याकडे बघितल्यावर उरलेलं अर्धं बाहेर पडलं. मी म्हणालो, “उशीर व्हायची वाट बघत होतो. पुरता उशीर झाला की मग माझ्या हातात काही उरणार नव्हतं, आणि तुला काही सांगावंही लागणार नव्हतं.”

तिनं उठून दार उघडलं. मग म्हणाली, “आता तू जा, अण्णा.”

मी चपला घातल्या आणि निघालो. तिनं दार लावलं नाही. जिना उतरेपर्यंत ती तिथंच उभी होती, पण हाक मारली नाही.