बंदीतल्या फोनवरचं बारसं

लूमखाली धाग्यांचा गुंता साठतो ना, तसे जिग्नेशच्या सायबर कॅफेतले किस्से माझ्याकडे साठलेत. झाडले तरी पदराला चिकटून घरी येतात.

जिग्नेश म्हणजे माझ्या सुनीलचा दोस्त. इथे सुरतेत, पर्वत पाटिया भागात त्याचं कॅफे. सुनील अमेरिकेत कॉम्प्युटरच्या नोकरीला. नेटवरून त्याच्याशी बोलता यायचं, तर सरकारने नेटवरचा फोनच बंद केला. का, तर लोक साधा फोन लावेनात. आणि नेमका तेव्हाच मला नातू झाला. बारसं अमेरिकेत, आणि बाळाच्या कानात नाव सांगणारी आत्या, म्हणजे माझी मंदा, सुरतेत!

* * *

मग सुनीलने तिकडे घरात एक कॉम्प्युटर कायम चालू ठेवला. जिग्नेशचा कॉम्प्युटर त्याच्याकडे जायचा, तो पुढे बंदीवाल्या साइटवर जायचा. सरकारला वाटायचं, पोरगा मित्राच्या घरी गेलाय. याला म्हणे प्रॉक्सी सर्व्हर.

मी चौथी शिकलेली, पण मला लगेच कळलं. म्हटलं, "माझ्या सासूने शेजारच्या शकूशी बोलायची बंदी केली होती, तेव्हा मी पापडवालीच्या तोंडून बोलायचे. तोच हा सर्व्हर."

तेव्हापासून जिग्नेश त्या कॉम्प्युटरला पापडवालीच म्हणायचा. "मावशी, आज पापडवाली स्लो छे."

* * *

एक दिवस पापडवाली गपगार. जिग्नेश घाबरला, सरकारने पकडली म्हणून. दोन दिवस त्याला जेवण गोड लागेना. मग कळलं, सुनेच्या बाळंतपणाला तिकडे गेलेल्या माझ्या विहीणबाईंनी झाडायचं मशीन लावायला प्लग उपटला होता.

अख्ख्या दिल्लीला जमलं नाही ते बाईने एका हाताने केलं.

* * *

आवाज पोचायला मात्र वेळ लागायचा. मी विचारलं, "बाळ दूध पितं का रे?" उत्तर नाही. मग गंमत म्हणून विचारलं, "बायको तुला मारते का?"

तेवढ्यात सुनीलचा आवाज आला, "हो, पोट भरेपर्यंत!"

कॅफेतली पोरं हसून हसून खुर्चीवरून पडायची बाकी.

* * *

शेजारची मालती भाच्याशी बोलायला आली. मी तिला सांगितलं, बंदी आहे ना, मोठ्याने बोललं की सरकारला ऐकू जातं. बिचारी तोंडावर पदर घेऊन सगळा वेळ कुजबुजली. तिकडे भाचा रडकुंडीला. त्याला वाटलं, मावशी शेवटच्या घटका मोजतेय.

* * *

बारशाच्या संध्याकाळी गल्लीतल्या आम्ही सगळ्या बाया नटूनथटून कॅफेत. तिकडे सकाळ. सुनीलने हेडफोन बाळाच्या कानाशी धरला होता. मंदा कानाला हेडफोन लावून 'कुर्र' म्हणणार, एवढ्यात टेलिफोनवाले साहेब शिपायासकट दारात. कुणीतरी तक्रार केली होती. जिग्नेशचा चेहरा पांढराफटक. फोन सापडला तर कॅफेला सील.

साहेबांनी मंदाच्या डोक्यावरून हेडफोन काढून स्वतःच्या डोक्यावर चढवला. म्हणाले, आवाज पलीकडे जातो का ते आधी तपासणार.

मी म्हटलं, "तपासा की. पण हॅलो म्हणू नका साहेब, पलीकडे माझा नातू आहे. दचकेल."

"तो शुं बोलुं?"

"म्हणा, कुर्र... पार्थ."

साहेबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा मंदाकडे. घसा खाकरला. माइक तोंडाशी नेला आणि अगदी हळू म्हणाले, "कुर्र... पार्थ."

आता नाव सांगणाऱ्याच्या पाठीत धपाटे घालायची आपली रीत. बायांचे हात थोडेच विचारून उठतात! साहेबांची पाठ दणादण वाजली. शिपाई आत धावला. तेवढ्यात हेडफोनमधून पोराने असं भोकाड पसरलं की दारातल्या मालतीलासुद्धा ऐकू आलं.

साहेब खुर्चीत टेकून ते रडणं ऐकत राहिले. मग हेडफोन काढून मंदाच्या हातात दिला, शर्ट नीट केला आणि शिपायाला म्हणाले, "चाल. अवाज जतो नथी."