यादीतला पांढरा

आमच्या धंद्यात खोटं बोलायला तोंड उघडावं लागत नाही. संगणकावर इमारत रचायची. भिंत किती उजेड परत टाकते, छतातला पारदर्शक पत्रा किती उजेड आत सोडतो, हे आकडे भरायचे. मग कुठल्या कोपऱ्यात किती वाजता किती उजेड पडेल, ते तो बिनदिक्कत सांगतो. आकडे कुठून आणले, हे काही विचारत नाही.

तासगावजवळच्या बेदाण्याच्या नव्या शेडचं काम आलं तेव्हा मला घाई होती. भिंतींसाठी मी संगणकातल्या यादीतला तयार पांढरा उचलला, पत्र्यासाठी दुकानदाराच्या माहितीपत्रकातला आकडा. एखाद्या जुन्या शेडमध्ये उजेड मोजायचं यंत्र घेऊन दिवसभर उभं राहायला हवं होतं. आपल्याकडे भिंतीला कंबरेपर्यंत तपकिरी ऑइलपेंट मारतात, मळ दिसू नये म्हणून. माझं बालपण तसल्याच भिंतीला टेकून गेलं. तरी पांढरा भरला. कळतं पण वळत नाही, दुसरं काय!

अहवाल झकास आला: पाच वाजेपर्यंत दिव्याची गरज नाही. त्यावर विसंबून मालकाने पट्ट्यावरचे दिवे रद्द केले. त्या सरकत्या पट्ट्यावर बायका बेदाण्यातले खडे आणि देठ वेचतात. टोकाला पट्टा रोलरखाली शिरतो, आणि त्या टोकाला माझी आत्या बसते.

पहिल्याच हंगामात एकदा चार वाजता तिथे गेले. भिंती कंबरेपर्यंत तपकिरी. पत्र्यावर धुळीचा आणि बेदाण्याला देतात त्या गंधकाच्या धुरीचा पिवळा थर. बाकीच्या बायका दाराकडे सरकल्या होत्या. यंत्र लावलं, तर अहवालातल्या उजेडाच्या निम्माही नव्हता. आत्याला विचारलं, दिसतं का तुला?

"दिसंना झालं की चाचपायचं. खडा बोटाला कळतोय की."

चाचपत चाचपत तिचा हात रोलरपासून दोन वितींवर जात होता.

मालकाला म्हटलं, आजच दिवे लावा. माणूस वाईट नाही. त्याने कपाटातून माझाच अहवाल काढून पुढे ठेवला.

"आवं मॅडम, सही तुमचीच हाय न्हवं? चुकलंय म्हणून लिहून द्या, उद्याच दिवं लावतो."

पुन्हा मोजून बघते, असं सांगून मी उठले. त्याच पांढऱ्यावर मी कडेगावची एक शाळा आणि आणखी दोन शेड बेतल्या आहेत. एक अहवाल खोटा म्हटला, तर सगळेच उघडे पडणार. मला त्याची लाज वाटते, आणि लाजेपेक्षा भीती जास्त.

मग आत्यालाच म्हटलं, काम सोड. ती हसली.

"तूच बांदलीस न्हवं शेड? मग मला कसलं भ्या?"

आता रोज चार वाजले की मी फोनकडे बघत बसते. चूक मात्र अजून लिहून दिलेली नाही.