वन्संची बोटं

अर्धा रस्ता चालून झाला तशा वन्सं पुलाच्या कठड्याला टेकल्या आणि हातमोजे काढू लागल्या. बघते तर दहाही बोटांच्या टोकांना चिकटपट्ट्या.

"अहो वन्सं, हे काय? भाजलं की काय?"

"भाजलंय कुठलं! एक गंमत करून बघत होते."

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. लग्न केलं नाही. कुणी खोदून विचारलं तर "लोकांची भोकं बुजवण्यात वय गेलं," म्हणून मोकळ्या होतात. त्या आमच्याकडे राहतात असं लोक म्हणतात, पण खरं तर मीच त्यांच्या घरात आले. एका धुलाईच्या दुकानात मागच्या खोलीत खिडकीपाशी बसून त्या रफू करतात. कोटाच्या आतल्या शिवणीतून त्याच कापडाचे धागे ओढून काढायचे आणि भोकावर उभे-आडवे विणायचे. एकदा दुकानातले दिवे गेले, तरी यांचा हात चालूच. मी तोंडात बोट घातलं, तर म्हणाल्या, "रंग जुळवायला डोळे लागतात गं. बाकी सगळं बोटांचं काम."

दोन महिन्यांपूर्वी त्यांच्या स्वादुपिंडातली कॅन्सरची गाठ काढली. ऑपरेशन मोठं होतं, पण देवाच्या कृपेने निभावलं. स्कॅनमध्ये आता काही दिसत नाही. फक्त गाठीबरोबर काढलेल्या एका लसिकाग्रंथीत कॅन्सरच्या पेशी सापडल्या. डॉक्टरीणबाई सरळ बोलल्या. "मी किमो घ्या म्हणेन. नकोच असेल तर दर तीन महिन्यांनी स्कॅन करून नजर ठेवू. पण काही दिसेल तेव्हा उशीर झालेला असू शकतो." हेही सांगितलं, की किमोतल्या एका औषधाने बोटांची टोकं बधिर होतात. काहींची पुढे सुधारतात, काहींची तशीच राहतात.

उत्तर उद्या द्यायचं होतं. घरात आठवडाभर ह्यांचा एकच घोशा, "ताई, किमो घे." वन्संचं ठरलेलं, "ठेवू देत की नजर. मी काय पळून जातेय?" ताई उलट्यांना घाबरते, असं ह्यांना वाटायचं. मला वाटायचं, ऑपरेशनने अंग निम्मं झालंय, आता नकोच आणखी हाल. रात्री दिवा मालवताना मी देवाला म्हणायचे, बाबा, तूच काय ते ठरव.

"पट्ट्या लावून रफू करून बघितलं," वन्सं म्हणाल्या. "बधिर बोटांनी जमतं का ते."

"मग जमलं?"

"कसलं जमतंय! पोत्याचं तोंड शिवल्यासारखं दिसत होतं."

त्या हसल्या, मीही हसले. एकेक पट्टी सोलून त्या खिशात टाकत होत्या.

"मग नाहीच घ्यायची किमो," मी म्हटलं. "ह्यांना मी सांगते."

"थांब गं. तुझं हे नेहमीचंच, अर्धं ऐकायचं आणि कंबर कसायची."

आम्ही पुन्हा चालू लागलो. चालायचा हुकूम डॉक्टरांचा होता, पण वेग वन्संचा. ऑपरेशननंतरही मलाच धाप लागत होती.

"कामाला नवी होते तेव्हा एक गिऱ्हाईक लोकरीचा कोट घेऊन आलं," त्या सांगू लागल्या. "पाठीवर भोक. कसर लागलेली. मी असं रफू केलं की मालकालाही जागा सापडेना. काय भाव खाल्ला होता मी! पुढच्या थंडीत कोट परत आला. माझं रफू तसंच्या तसं, आणि आजूबाजूला नवी भोकं. त्या किड्याची अंडी कापडात राहिली होती. डोळ्यांना दिसली नाहीत, बोटांनाही लागली नाहीत. तेव्हापासून रफूच्या आधी अख्खा कोट वाफेवर धरते. थोडा आक्रसतो, रया जाते. गिऱ्हाईक कुरकुरतं. कुरकुरू दे."

"म्हणजे घेणार?"

"घेणार. पण डॉक्टरीणबाईंना फोन केला होता सकाळी. ते बोटांचं औषध मध्येच कमी करता येतं म्हणाल्या, बंदही करता येतं, बाकीची चालू ठेवून. मात्र त्रास वेळेवर सांगायला हवा."

"मग सांगायचा! त्यात काय?"

"मी नाही सांगणार." त्या थांबल्या. "मला मी ओळखते. एकदा घ्यायची ठरवली की औषध कमी पडेल या भीतीने मी म्हणत राहीन, बोटं छान आहेत. तुझा नवरा माझ्या तोंडाकडे बघून होला हो करेल. मग आजार जाईल आणि बसेन खिडकीत रिकाम्या हातांनी."

मी मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं. ओठ हललेले त्यांनी पाहिले असावेत.

"त्या वरच्याला सांगून झालं असेल तर आता माझं ऐक," त्या म्हणाल्या. "तू तोंडाची फटकळ. इतकी वर्षं मला त्याचा राग यायचा, आता जरा उपयोग होऊ दे. दर किमोच्या आदल्या दिवशी माझे डोळे बांध आणि हातात कापडाचा तुकडा दे. सुलटी बाजू कुठली ते विचार. चुकले की तडक डॉक्टरीणबाईंना सांग. मी नको म्हणेन, भांडेन, तुझ्या माहेरचा उद्धार करेन, तरी सांग. करशील एवढं?"