आचारी स्वतः काय खातो ते माग

बायांनो, आज मी लय खुश हाय, म्हणून लिहिते.

माझी नात प्रिया अमेरिकेत कोलंबसला शिकायला गेली, त्याला दोन महिने झाले. रोज व्हिडिओ फोनवर सांगायची, "जेवले गं आजी." पण तिचे गाल आत गेलेले मला दिसत न्हाय का? तिकडं तिच्या जवळपास आपली हॉटेलं चार-पाच हायत, पण सगळीकडं पनीर आणि गोड रस्सा. पोरीला लागतो भात आणि सुकट.

मी भिवंडीत वीस वर्षं लूमच्या कामगारांची खानावळ चालवली. आता तिथं गोडाऊन झालंय, ते जाऊ दे. मी कामगारांच्याच टोपातलं जेवायचे. पण हॉटेलातला आचारी गिऱ्हाईकाचं खात न्हाय, स्वतःसाठी साधं घरचं शिजवतो. म्हणून काल तिला बोलले, "मेनू बघू नको. आचारी स्वतः काय खातो ते माग."

"आजी, लाज वाटते."

"मग उपाशी राहायला न्हाय वाटत?"

आज सकाळी मी चहा घेताना तिचा फोन आला. तिकडं रातच्या जेवणाची वेळ. एका बांगलादेशी बाईच्या छोट्या हॉटेलात तिनं तसंच विचारलं. बाई हसली आणि स्वतःसाठी केलेलं वाढलं. गरम भात, डाळ, सुक्या मासळीची चटणी.

प्रियानं फोन तिच्याकडं दिला, तशी मी बाईला बोलले, "बहन, पेट भर के खिलाना."

ती बोलली, "फिकर मत करो, कल भी बुलाया है."

मग प्रिया बोलली, "आजी, ठेवते गं, हात माखलाय."

दोन महिन्यांत पहिल्यांदा तिनं जेवणासाठी माझा फोन ठेवला.

तुमची लांबची पोरं खरंच जेवली, हे तुम्ही कसं ओळखता?