मागच्या पानावरचा राष्ट्राध्यक्ष

शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात आमची प्रेस होती. एका बाजूला टायरचं गोदाम, दुसऱ्या बाजूला गाड्या ठोकून सरळ करणारं गॅरेज, मधे आम्ही. मालक श्रीवर्धनकडचे. सगळे त्यांना चाचा म्हणत, म्हणून मीही म्हणायचो. मी कॉम्प्युटरवर बसायचो. हॉटेलांची मेनूकार्डं, गॅरेजांची बिलबुकं, लग्नपत्रिका, आणि आफ्रिकेत जाणाऱ्या शाळेच्या वह्या, अशी आमची कामं.

वह्यांचं गिऱ्हाईक एकच होतं, सिएरा लिओनचे एक व्यापारी. हज करून आलेले, म्हणून आमचे हाजीसाहेब. राजधानी फ्रीटाउनमध्ये त्यांचं दुकान होतं, तांदळापासून वह्यांपर्यंत सगळ्याचं, आणि ते इथे माल घ्यायला आले की तिकडचं सगळं त्यांची बायको बघायची. पहिल्यांदा आले ते मी नुकताच इथे लागलो तेव्हा, नव्वदच्या पुढच्या दोन-तीन वर्षांत. खिशातून एक पाकीट काढून त्यांनी माझ्या टेबलावर फोटो मांडले.

"वहीच्या मागच्या पानावर हे सगळे हवेत," ते म्हणाले. "स्वातंत्र्यापासूनचे आमचे नेते. वर लहान लहान, एका ओळीत. आणि आत्ताचा खाली, मोठा."

मला कुणीच ओळखीचं नव्हतं. मी फोटो उलटसुलट ठेवला की ते हसत बोटाने सरकवायचे. "हा पहिला. खुर्चीवर असतानाच वारला. हा त्याचा भाऊ, मग तो बसला. हा निवडून आला आणि शपथ घेतल्याघेतल्या लष्कराने त्याला धरला. मधे दोन लष्करी अधिकारी आले, एकाने दुसऱ्याला दोन दिवसांत काढलं. त्यांना जागा नको. मग शिपायांनी त्या धरलेल्यालाच परत आणून बसवलं, आणि तो जो बसला, तो म्हातारा होईपर्यंत उठला नाही. जाताना खुर्ची सेनापतीला देऊन गेला."

"आणि हा?" मी मोठ्या फोटोकडे बोट केलं. लष्करी टोपी, काळा चष्मा.

"हा कॅप्टन. सेनापतीला ह्याने पळवलं. माझ्या धाकट्या मेहुण्याच्या वयाचा आहे."

"पण हा फोटो टाकायलाच हवा का?"

"ब्रदर," ते आवाज खाली आणून म्हणाले, "बंदरावर पेटी उघडतात ना, तेव्हा आधी मागचं पान बघतात. त्यांचा साहेब दिसला की पेटी लवकर सुटते."

पुढची तीन-चार वर्षं तेच पान चाललं. मग एका वर्षी हाजीसाहेबांचा फोन आला: छपाई थांबवा. कॅप्टनला त्याच्याच हाताखालच्याने घरी बसवलं होतं. कॅप्टन वरच्या ओळीत गेला, नवा माणूस खाली आला. छपाईची प्लेट तयार होते न होते तोच पुन्हा फोन: थांबा, निवडणूक होतेय. चाचा वैतागले. "अरे, ह्यांचो देश हाय की नाटकाची कंपनी? खलास कर एकदा!" पण निवडणूक खरंच झाली. नवा राष्ट्राध्यक्ष लोकांनी मतं देऊन आणलेला होता, आणि त्याचा फोटो माझ्यासमोर ठेवताना हाजीसाहेबांचा हात जरा जास्त वेळ त्यावर राहिला. "हा आता राहील, इन्शाल्ला," ते म्हणाले. "ह्याला मोठा छाप."

वर्षभराने आम्ही तेच पान पुन्हा छापलं, पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त वह्या. माल पोचला, दुकानात लागला, हाजीसाहेब पुढच्या खरेदीसाठी दुबईत आले आणि तिथल्या देरा भागातल्या नेहमीच्या हॉटेलात उतरले. मे महिना होता. एका रविवारी दुपारी ते टॅक्सीने प्रेसवर आले. शर्टाची बटणं वरखाली लागलेली.

"फोन," एवढंच म्हणाले.

सकाळी फ्रीटाउनमध्ये सैनिकांनी बंड केलं होतं. तुरुंग फोडून आतल्या एका मेजरला बाहेर काढून त्यालाच प्रमुख केलं होतं, आणि निवडून आलेला राष्ट्राध्यक्ष हेलिकॉप्टरने शेजारच्या गिनीत पळाला होता. हाजीसाहेबांची बायको आणि दोन मुली दुकानाच्या वरच्या मजल्यावर राहत. खाली दुकानात छतापर्यंत वह्या, आणि प्रत्येक वहीच्या पाठीवर तो पळालेला माणूस, मी मोठा करून लावलेला.

त्यांनी नंबर फिरवला. नुसती खरखर. पुन्हा फिरवला. चाचांनी मशीन बंद करायला लावलं. प्रेस एरवी कधी गप्प नसायची, त्या दुपारी शेजारच्या गॅरेजमधला हातोडा तेवढा ऐकू येत होता.

"शेजारचे लोक दुकानाला राष्ट्राध्यक्षाचं दुकान म्हणतात," हाजीसाहेब म्हणाले. "थट्टेने म्हणतात. पण सैनिकांना कोण सांगेल, थट्टा आहे म्हणून?"

त्यानंतर ते रोज येऊ लागले. हॉटेलातून फोन लागत नाही, इथून लागेल असं त्यांना वाटायचं. रेडिओवर लंडनच्या बातम्या लावून बसायचे. बंदर लुटलं, तांदळाची गोदामं लुटली, परदेशी लोकांना जहाजं घेऊन गेली. चाचा त्यांच्यासमोर चहा ठेवायचे, तो गार व्हायचा. मी कामाला बसलो की ते माझ्या पडद्याकडे बघत राहायचे. तिथे एखादं मेनूकार्ड असायचं, चिकन टिक्का, मटण बिर्याणी. त्यांना ते दिसत असेल असं वाटत नाही.

शेवटी त्यांनी ठरवलं. कैरोमार्गे गिनीला, कोनाक्रीला जायचं, आणि तिथून मच्छीमार बोटीने फ्रीटाउन. चाचांनी समजावलं, "हाजी, बोटीत मारतील तुम्हाला." ते म्हणाले, "घरी बायकापोरी आहेत."

ज्या संध्याकाळी त्यांचं विमान होतं, त्या दुपारी प्रेसचा फोन वाजला. मी उचलला. आधी समुद्रासारखा आवाज, मग एक बाई, इंग्रजीत, ओरडून.

"हा वह्या छापणाऱ्यांचा नंबर का? वहीच्या तळाला आहे तो?"

प्रत्येक वहीवर आम्ही आमचा नंबर बारीक अक्षरात टाकत असू. मी उभाच राहिलो. "हो, हो. हाजीसाहेबांच्या घरून?"

"ते कुठे आहेत? हॉटेलवाला म्हणतो, गेले. त्यांना सांगा, बोटीत बसू नका. आम्ही तिथे नाही. आम्ही कोनाक्रीला पोचलो. मोठ्या मशिदीच्या मागे, लेबनानी कापडवाल्याकडे..."

"मुली? मुली बरोबर आहेत ना?"

फोन तुटला. मी रिसीव्हर कानाला लावून तसाच थांबलो. चाचा समोर उभे होते.

"काय झालां?"

मी सांगितलं. त्यांनी किल्ल्या उचलल्या. "यल्ला, चल!"

दुबईच्या रस्त्यावर संध्याकाळची गर्दी होती. पिकअपमध्ये एसी नव्हता. चाचा हॉर्नवरून हात काढत नव्हते, आणि मी मनातल्या मनात घोकत होतो: मोठी मशीद, मागे, लेबनानी कापडवाला. पुढे ट्रक उलटून सिमेंट सांडलं होतं, पोलीस एकेक गाडी सोडत होता. चाचांनी काच खाली करून त्याला अरबीत काय सांगितलं कोण जाणे, त्याने आम्हाला कडेने जाऊ दिलं.

एअरपोर्टवर चाचा गाडीतच थांबले. मी धावत आत गेलो. कैरोच्या काउंटरवर रांग संपत आली होती, तिथे ते नव्हते. मी बोर्डिंगच्या दाराकडे पळालो. पासपोर्टच्या रांगेत, काचेपलीकडे, त्यांची उंच पाठ दिसली. मी काचेवर हात आपटले. आधी पोलिसाने बघितलं, मग रांगेने, सगळ्यात शेवटी त्यांनी.

मी पोलिसाला हात जोडले, हिंदीत, इंग्रजीत, येईल त्या भाषेत सांगितलं. तो हाजीसाहेबांना काचेच्या टोकाला बांधलेल्या दोरीपर्यंत घेऊन आला.

"बोटीत बसू नका," मी म्हणालो. "त्या कोनाक्रीत आहेत. मोठ्या मशिदीच्या मागे, लेबनानी कापडवाल्याकडे. आत्ता फोन आला होता."

त्यांनी माझं मनगट पकडलं. "मुली?"

मी श्वास घेतला. "फोन तुटला. पण त्या 'आम्ही' म्हणाल्या. आम्ही पोचलो, असं म्हणाल्या."

"आम्ही म्हणाली?"

"आम्ही म्हणाल्या."

पोलीस म्हणाला, हबीबी, खलास, पुरे आता. ते आत गेले. मी परत गाडीत येऊन बसलो. चाचांनी गाडी सुरू केली.

'आम्ही' म्हणजे कोण, हे आम्हाला बऱ्याच दिवसांनी कळलं. कोनाक्रीहून त्यांचा छोटासा फोन आला: सगळ्या आहेत, दोन्ही मुली आहेत. चाचांनी त्या शुक्रवारी मशिदीत जिलबी वाटली.

पुढे तो मेजर गेला, निवडून आलेला परतला, आणि पुन्हा शहरात जाळपोळ झाली. त्यात दुकान जळाल्याचं ऐकलं. हाजीसाहेब कोनाक्रीतच राहिले. आमच्याकडे यायचे बंद झाले.

ते आले थेट नव्या शतकात, तिकडची लढाई संपून पुन्हा निवडणूक झाल्यावर, आणि बायकोला घेऊन. मी त्यांना घरी जेवायला बोलावलं. त्या बाईंना मी फक्त आवाजाने ओळखत होतो. लहानखुऱ्या, शांत बोलणाऱ्या. माझ्या बायकोने सुरमईचं कालवण केलं होतं, त्यांनी ते भाताबरोबर हाताने, अगदी आपल्यासारखं खाल्लं.

जेवणानंतर त्यांनी आपणहून सांगितलं. सैनिक दुसऱ्याच दिवशी आले होते. वह्या बघून विचारलं, हे कुणाचं? बाईंचा धाकटा भाऊ दुकानात होता. तो म्हणाला, माझं. बहिणीचा काही संबंध नाही. ते त्याला घेऊन गेले. बाई मुलींना घेऊन मागच्या दाराने निघाल्या. भाऊ परत आला नाही.

मी खाली बघत होतो. मागचं पान माझ्या हातचं होतं. त्यांना ते कळलं असावं.

"ते तांदळासाठी आले होते," त्या म्हणाल्या. "भिंतीवर कॅलेंडर असतं तर कॅलेंडरचं निमित्त केलं असतं."

माझी मुलगी तेव्हा दुसरीत होती. तिने कान देऊन ऐकलं होतं. इथे तिने जन्मापासून रस्त्यावर, शाळेत, दुकानात शेखांचेच फोटो पाहिलेले. तिने इंग्रजीत विचारलं, "आंटी, मग आता तुमचा शेख कोण आहे?"

बाई हसल्या. "आमच्याकडे शेख नसतो. आम्ही मत देतो. ह्या वेळी मी गावी जाऊन दिलं. उन्हात उभी होते, दुपारपर्यंत."

"बोअर झालं?"

"नाही," त्या म्हणाल्या, आणि बायकोकडे वळून विचारू लागल्या की कालवणात आंबट काय घातलं होतं. बायकोने आतून कोकमाची पिशवी आणून त्यांच्या हातात दिली.