धुळ्यापर्यंतचा क्लच

कोणतीही वस्तू हातात आली की आबा आधी ती दोन्ही अंगठ्यांमध्ये धरून हळूच ओढून बघायचे. शर्टाचं कापड असो, पाव असो, माझ्या मुलीच्या दप्तराचा बंद असो. त्यांची सगळी नोकरी पाचोऱ्याच्या एका जिनिंगमध्ये कापसाची प्रत ठरवण्यात गेली होती. कापसाचा पुंजका असा ओढला की धागा किती लांब ते कळतं म्हणे. निवृत्तीनंतर कापूस सुटला, सवय सुटली नाही. आमच्याकडे पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा त्यांनी पोळीही तशीच ओढून पाहिली आणि समाधानाने म्हणाले, "चांगली शे." बायकोने ते कौतुक म्हणून घ्यायचं की अपमान म्हणून, हे अजून ठरलेलं नाही.

अशा माणसाला मी प्रत्येक खरेदीला सोबत का न्यायचो, असं तुम्ही विचाराल. मी बारावीच्या मुलांना अर्थशास्त्र शिकवतो. मागणी, पुरवठा, ग्राहकाचा विवेक वगैरे फळ्यावर झकास मांडतो. पण दुकानदाराने "साहेब, तुमच्यासाठी म्हणून" एवढं म्हटलं की माझा विवेक पाकीट काढून मोकळा होतो. तिथे आबा लागायचे. माझा हात खिशाकडे गेला की त्यांचा आवाज यायचा, "घाई काय शे, सर?" आणि आम्ही रिकाम्या हातांनी बाहेर. या पद्धतीने आमच्या घरात फ्रीज आला तो थंडीत.

पिंप्राळ्यातल्या आमच्या कॉलनीत ते एकटे राहायचे. आम्ही सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं की ते विधुर आहेत. विचारलं कोणीच नाही. माझ्या बायकोने तर एकदा एका निवृत्त नर्सबाईंचं स्थळही सुचवलं. आबा इतके घाबरले की काही दिवस आमच्या घरावरून जायचं सोडून पलीकडच्या गल्लीने फिरून जायला लागले.

माझी गाडी जुनी. मी घेतली तेव्हाच जुनी होती आणि माझ्याकडे आल्यावर तिचं वय काही थांबलं नाही. एका दुपारी उड्डाणपुलावर चढताना तिने वेगळाच सूर लावला. इंजिन भन्नाट ओरडतंय, गाडी मात्र जागची हलेना. बाजूने रिक्षा गेली, सायकल गेली, शेवटी केळीची हातगाडी ढकलणारा माणूसही माझ्याकडे दयेने पाहत पुढे गेला. जळकट वास येत होता. मी तो पुलाखालच्या कचऱ्याचा समजून काचा वर केल्या. वास आणखी वाढला.

मेकॅनिकने गाडी चालवून पाहिली आणि निदान सांगितलं. क्लच घसरतोय. प्लेट गेली, प्रेशर प्लेटही गेल्यात जमा. "माल तुम्हीच आणा सर," तो म्हणाला, "म्हणजे नंतर माझ्या नावाने बोलायला नको. आणि तिन्ही आणा. प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग. गिअरबॉक्स एकदा उतरवला की सगळं एकदमच बदललेलं बरं. पुन्हा उतरवायचा म्हटलं तर मजुरी तेवढीच."

सल्ला साधा होता. साध्या सल्ल्याचं माझ्याशी जमत नाही. मी घरी येऊन मोबाईलवर क्लचचे व्हिडिओ बघायला बसलो. दुसऱ्या दिवशी वर्गात 'घटती उपयोगिता' समजावताना माझ्या तोंडून 'घसरती उपयोगिता' निघालं.

तेव्हाच आबा घरी आले. खुर्चीच्या टोकावर बसून त्यांनी विचारलं, "सर, तुमची गाडी धुळ्याला जाईल का?"

"क्लच बसला की जाईल. पण धुळ्याला तर सारख्या बस आहेत की."

"बसमधून मधेच उतरून परत फिरता येत नाही ना," ते म्हणाले. मला वाटलं, म्हातारपण आहे, प्रवास झेपत नसेल. मी लगेच वचन दिलं. क्लच बसला की पहिली फेरी धुळ्याची.

आता गंमत बघा. ज्या माणसाला गाडी लवकर हवी होती, तोच माणूस क्लच घेऊ देईना. स्पेअर पार्टच्या दुकानांत आम्ही रोज संध्याकाळी जायला लागलो. कंपनीचा सेट माझ्या गाडीच्या किमतीशी स्पर्धा करत होता, तो मीच नाकारला. एकाने जुन्या प्लेटवर नवं अस्तर चढवलेला माल दाखवला, एकदम स्वस्त. माझे डोळे चमकले. आबांनी प्लेट घेतली, अस्तर अंगठ्यांत धरून ओढायचा प्रयत्न केला. अर्थातच काही झालं नाही. "धागा नाही," ते म्हणाले. दुकानदार माझ्याकडे पाहू लागला. मी पुस्तकी चेहरा करून मान डोलावली, जणू क्लचमध्ये धागा असतो.

दुसरीकडे मधल्या किमतीचा, चांगल्या नावाचा सेट मिळाला. गाडीचं सालमॉडेल जुळत होतं, दाते जुळत होते, खोकं सीलबंद होतं. आबा म्हणाले, "खोकं फिकं वाटतं." तिसऱ्या दुकानात त्यांना मालकाचा स्वभाव आवडला नाही. चौथ्या ठिकाणी म्हणाले, "उद्या अमावस्या शे." आबा बौद्ध. अमावस्या-पौर्णिमेच्या मुहूर्ताला त्यांनी आयुष्यात कधी भीक घातली नव्हती. मी तेव्हा तरी ओळखायला हवं होतं. पण मला वाटत होतं, हा माणूस माझे पैसे वाचवतोय. मी कृतज्ञतेने रोज त्यांना चहा पाजत होतो.

एक दिवस मीच म्हटलं, "आबा, धुळ्याला ट्रकवाल्यांचा मोठा बाजार आहे. माल स्वस्त असेल. उद्या आपण बसनेच जाऊन क्लच घेऊन येऊ. तुमचंही काम होईल."

आबांचा चेहरा उतरला. त्या रात्रीपासून त्यांचं पोट दुखायला लागलं, ते मी धुळ्याचा विषय सोडेपर्यंत दुखत होतं.

शेवटी त्या मधल्या सेटवाल्या दुकानदाराचाच धीर सुटला. आम्ही पुन्हा त्याच्या काउंटरवर उभे. आबा प्लेट उलटीसुलटी करतायत. तो म्हणाला, "आबा, क्लच बघताय की सून?"

मी हसलो. आबा हसले नाहीत. त्यांनी प्लेट अलगद ठेवली, बाहेर जाऊन दुकानाच्या पायरीवर बसले. मी मागोमाग गेलो.

"सर," ते रस्त्याकडे बघत म्हणाले, "धुळ्याला माझी बायको राहते."

मला पहिली आठवण झाली ती त्या नर्सबाईंची.

"ती शिक्षिका. लग्नानंतर तिला धुळ्याला नोकरी लागली. मी पाचोऱ्याला. ती म्हणे, तुम्ही या. मी म्हणे, तू बदली घे. मला वाटलं, पुढच्या हंगामात बघू. असे किती हंगाम गेले."

"भांडण झालं होतं का?"

"तेच तर झालं नाही ना. भांडण झालं असतं तर कोणीतरी मिटवलं असतं. आधी सणावाराला जायचो. मग पत्रं. मग तेही नाही. आता तिचा फोन आला. गुडघ्याचं ऑपरेशन शे. म्हणे, यायचं असेल तर या. नसेल यायचं तर तसं सांगा, मी शेजारणीला सांगून ठेवते."

"मग तुम्ही काय सांगितलं?"

"सांगितलं, सरांच्या गाडीचा क्लच बसला की येतो."

म्हणजे इतके दिवस धुळ्यात एक बाई दुखरा गुडघा घेऊन माझ्या क्लचची वाट बघत होती, आणि मी खोक्याचा रंग तपासत फिरत होतो. मी आबांना म्हटलं, "चला, आत चला." ते उठले. काउंटरवर जाऊन म्हणाले, "बठ्ठा सेट द्या, तिन्ही वस्तू." दुकानदाराने खोकं इतक्या चपळाईने बांधलं की आबांना विचार बदलायला जागाच राहिली नाही.

आता माझी कामगिरी ऐका. पैसे देताना माझ्यातला अर्थतज्ज्ञ जागा झाला. मी दुकानदाराला म्हटलं, "बेअरिंग वगळा. जुनं अजून चालतंय." आबा म्हणाले, "घ्या ना सर, मेकॅनिकने सांगितलंय." मी त्यांना पायरीवर उभं करून सीमांत खर्चाचा सिद्धांत समजावला. ते ऐकून घेत होते. कदाचित त्यांच्या मनात धुळं चाललं असेल. गॅरेजमध्ये मेकॅनिकने जुनं बेअरिंग बोटावर फिरवून दाखवलं, ते खरखरलं. मी म्हटलं, "ग्रीस लावा." त्याने डोळे मिटून ग्रीस लावलं.

निघालो त्या सकाळी आबा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले. हातात कापडी पिशवी, पिशवीत भरताची हिरवी वांगी. "तिला भरीत आवडायचं," ते म्हणाले. "आता आवडतं का, माहीत नाही."

क्लच फार छान लागला होता. गाडी लोण्यासारखी चालली. पण एरंडोलच्या आसपास पेडल दाबलं की चिरचिर ऐकू यायला लागली. आबांनी विचारलं, "परत जायचं का?" मी म्हटलं, "काही नाही, नवीन आहे, बसेल." पारोळ्याला चिरचिरीची किंचाळी झाली. "परत जायचं का?" त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा बेअरिंगचीच बाजू मांडली. त्यांचा प्रश्न बेअरिंगबद्दल नव्हता, हे मला कळायला पारोळंही मागे पडावं लागलं.

पुढे एका ढाब्यासमोर बेअरिंगने प्राण सोडला. पेडल दाबलं तर गिअर पडेना. गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, एवढंच माझं कौशल्य. मी मेकॅनिकला फोन लावला. त्याने आधी बेअरिंगचंच विचारलं.

फोनवर मी बोलणी खात असताना ढाबेवाला आबांना म्हणाला, "बाबा, तिकडे जळगावची बस थांबलीय बघा. हात केला तर घेईल."

रस्त्याच्या पलीकडे लाल बस उभी होती. कुणीतरी पोती उतरवत होतं. आबा दुभाजकापर्यंत गेले. पिशवी गाडीतच होती. मी फोन कानाला लावून त्यांच्या पाठीकडे बघत राहिलो. मला हाक मारायची होती, पण काय म्हणून मारणार? ज्याच्या बेअरिंगमुळे ही वेळ आली, त्याने कुठल्या तोंडाने सांगायचं की पुढे जा?

पोती उतरली. बस गेली. आबा दुभाजकाजवळच उभे होते.

मग ते वळून परत आले, ढाब्याच्या नळावर तोंड धुतलं, आणि आमच्या बाजूने येणारी धुळ्याची बस दिसताच हात वर करून धावले. चांगले धावले. मी पिशवी घेऊन त्यांच्या मागे. बस सुटता सुटता खिडकीतून वांगी आत ढकलली. कंडक्टर ओरडला, "अहो, भाजी घेऊन कशाला मरताय?" आबांनी खिडकीतून माझ्याकडे बघितलं. चेहरा परीक्षेला निघालेल्या मुलासारखा होता.

गाडी टेम्पोला बांधून आणली. गिअरबॉक्स पुन्हा उतरला. मजुरी तेवढीच पडली. वर्गात आता सीमांत खर्च शिकवताना मी उदाहरण देत नाही.

आबा ऑपरेशनपुरते गेले होते, ते तिकडेच राहिले. मधे एकदा येऊन कपडे आणि कुकर घेऊन गेले. मग मीच एका रविवारी धुळ्याला गेलो. दार आबांनी उघडलं. हात पिठाने भरलेले. आत कॉटवर बाई बसल्या होत्या, हातात काठी, आणि काठीनेच आबांना भाकरी कशी थापायची ते दाखवत होत्या.

"उनात का?" आलात का, असं त्यांनी मला अहिराणीत विचारलं. "या, बसा. तुम्हीच का ते क्लचवाले सर?"

मी कबूल केलं.

"तुम्हाला सांगते, इतक्या वर्षांनी हा माणूस दारात उभा. हातात वांगी. मी म्हटलं, आता काहीतरी बोलेल. तर म्हणतात, सरांची गाडी बंद पडली."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? म्हटलं, मग आत या."

आबा आत तव्याशी खाली मान घालून उभे होते. भाकरी करपली होती. ती आम्ही तिघांनी खाल्ली.

त्यांना फार वर्षं मिळाली नाहीत. गेल्या हिवाळ्यात आबा झोपेतच गेले. मला फोन आला तोवर सगळं उरकलं होतं.

पुढे बाई पिंप्राळ्याचं घर रिकामं करायला आल्या. मी त्यांना स्टेशनवरून घरी आणलं. घरात फारसं नव्हतंच. एक पलंग, थोडी भांडी, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर. ती त्यांनी स्वतः पदराने पुसून जवळ घेतली. बाकीचं कुणाला तरी देऊन टाका म्हणाल्या. मग कुलूप लावून बाहेर आल्या. त्यांना परत सोडायला मी गाडी सुरू केली, तेव्हा गल्लीत इकडेतिकडे बघत म्हणाल्या, "सर, इथे असताना ते संध्याकाळी कुठे बसायचे?"

मी आमच्या फाटकाशेजारचा कठडा दाखवला.

त्या काठी टेकत तिथवर गेल्या. गुडघा जपत हळूहळू बसल्या, तसबीर मांडीवर ठेवली. शाळा सुटायची वेळ होती. रिक्षा जात होत्या, मुलं जात होती, एकदोघांनी वळून पाहिलं. त्या सगळ्यांकडे नीट बघत होत्या.

गाडी सुरूच होती. मी ती बंद केली आणि आत जाऊन बायकोला चहा ठेवायला सांगितला.