गुळाच्या कोपऱ्यासाठी गुहागर

लढाई संपली तरी तात्यांच्या तोंडचा कोट संपेना. तात्या म्हणजे माझे मामा, पलूसचे. लढाईत गुहागरजवळ किनाऱ्यावर तोफांसाठी सिमेंटचा कोट बांधला, त्या तुकडीत ते होते. समुद्राकडचा कोपरा त्यांनी आणि गावच्या शिदूने मिळून ओतला. शिदू पुढे ब्रह्मदेशात लढायला गेला, तो आलाच नाही. कोट अजून उभा आहे, एवढं स्वतःच्या डोळ्यांनी पाहून तात्यांना त्याच्या आईला सांगायचं होतं. मी बांधकामाचा डिप्लोमा केलेली, म्हणून सोबत मीच.

कराडहून सर्व्हिस मोटार पहाटेची सांगतात. ती भरली की सुटते. चहा पाटणला घ्या, हेळवाकला घेऊ नका. कुंभार्ली घाटात परतीच्या चढाला उतरून चालावं लागतं, भाडं मात्र पूर्ण. तात्या साऱ्या मोटारीला सांगत होते, "सिमेंटात आमी गूळ घातला हुता. चुन्यात घालत्यात तसा. तोफ लागली तरी न्हाई हालायचा."

"तात्या, गूळ चुन्याला चालतो. सिमेंट त्याने घट्ट होत नाही."

"तुज्या पुस्तकानं कवा भित बांधलीया व्हय?"

मोटार हसली. मी खिडकीबाहेर पाहिलं.

चिपळूणला मुक्काम केला. खानावळीत भात चांगला, ढेकूण फार. पुढे गुहागरपर्यंत बैलगाडी, मग वाळूतून पायी. चपला हातात घ्याव्यात.

कोटाचे तीन कोपरे शाबूत होते, कडा पट्टीने आखल्यासारख्या. चौथ्याच्या जागी गंजक्या सळ्या आणि खाली चुरा. तात्या आधी समुद्रावर घसरले, मग ठेकेदारावर. मी एक ढेकूळ उचलून त्यांच्या हातावर ठेवलं. चिमटीतच त्याची भुकटी झाली.

"किती गूळ घातला होता?"

"शिदूच्या घरनं आलेली आख्खी ढेप." मग हळूच, "म्हंजी आमीच पाडला म्हन की."

"हो."

दुसरं उत्तर खरं नव्हतं.

पलूसला शिदूची आई दारातच बसली होती. "आमच्या शिदूचा कोट हाय का रं उभा?"

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. कोट उभा आहे का, एवढंच तिने विचारलं होतं.

"उभा आहे," मी म्हणाले.

"आसनारच. घरचा गूळ हाय त्यात." ती आत गेली आणि एक ढेप आणून माझ्या ओटीत घातली.

तिच्या दारापासून घरापर्यंत तात्या एक शब्द बोलले नाहीत. कराड सोडल्यापासून मला हवी होती ती शांतता अशी मिळाली. ढेप अजून फोडलेली नाही.